विजेच्या तारेतील न दिसणारी ओल



वैशाखाच्या या दिवसांत, विहिरींनी तळ गाठलेला असताना आणि अंगणातली तुळससुद्धा दोन वेळा पाणी मागत असताना, मी आपल्यापुढे ओलीविषयी बोलायला उभा आहे, हे थोडे विचित्र दिसेल. परंतु आपल्या घरातील गृहिणी याच दिवसांत पावसाळ्याचा विचार करीत असतात. गच्चीवर पापड-कुरडया वाळतात, तिखट-हळद कुटून होते, आणि हे सारे घट्ट झाकणाच्या डब्यांत भरले जाते ते कशासाठी? आषाढात ते सादळू नये म्हणून. 'सादळणे' हा आपल्या भाषेतील फार नेमका शब्द आहे. पापडावर पाणी सांडले तर तो भिजतो. पण पाण्याचा एक थेंबही अंगावर न पडता, नुसत्या हवेने जेव्हा तो मऊ पडतो, तेव्हा तो सादळतो. मला आज सांगायचे आहे ते एवढेच की, विजेच्या तारेवर जे प्लास्टिकचे आवरण असते ते भिजत नाही हे खरे असले, तरी ते सादळते. आणि त्याचे हे सादळणे वेळीच न ओळखल्यामुळे मोठमोठ्या देशांना मैलोगणती तारा जमिनीतून उकरून टाकून द्याव्या लागल्या आहेत.

तारेत दोन वस्तू असतात: आत तांबे किंवा ॲल्युमिनियम आणि वर आवरण. वाहून नेण्याचे श्रेय धातूला मिळते. पण वीज वाटेत कोणाला चावू नये, ही जबाबदारी आवरणाची. या आवरणाच्या द्रव्याला विद्युत्‌निरोधक म्हणतात. आज ते बहुतेक प्लास्टिकचे किंवा रबराचे असते. शास्त्रीय परिभाषेत यांना बहुवारिके म्हणतात. म्हणजे एकच लहानसा रेणू हजारो वेळा एकापुढे एक गुंफून केलेल्या लांबच लांब साखळ्या. शब्द अवघड आहे. मी आपला प्लास्टिक असेच म्हणेन.

आता पाण्याचे आणि या आवरणाचे वैर कशात आहे? अगदी शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी हे विजेचे फारसे चांगले वाहक नव्हे. पण पाणी शुद्ध राहतच नाही. जिथे जाईल तिथले मीठ, क्षार, आम्ल ते विरघळवून घेते आणि मग वाहक बनते. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. विजेच्या दाबाखाली आपले रेणू त्या दाबाच्या दिशेने वळवून घेण्याचा गुण पाण्यात विलक्षण आहे. या गुणाचे एक माप आहे. निर्वात पोकळीला १ धरले, तर पॉलिथीनला २.३ आणि पाण्याला ८० च्या आसपास अंक मिळतो. त्यामुळे प्लास्टिकच्या पोटात पाण्याचा बारीकसा थेंब सापडला, तर विजेचा सारा ताण त्या थेंबाच्या दोन टोकांशी एकवटतो. पायात काटा रुतावा आणि साऱ्या देहाचा भार नेमका त्या जागी पडावा, तसे हे होते.

येथे मला थोडे मागे, इतिहासात जावे लागेल, कारण खरी मौज तिथे आहे.

विजेची तार पाण्यात घालण्याचा प्रश्न प्रथम तारायंत्राच्या काळात आला. तेव्हा प्लास्टिक नव्हते. मलायाच्या जंगलातील झाडांचा चीक, ज्याला गटापर्चा म्हणतात, तो तांब्याच्या तारेवर चढवून समुद्रतळाशी तारा टाकल्या गेल्या. आपल्या मुंबईचाही या कथेशी संबंध आहे. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रात तार टाकली, ती गटापर्च्याच्या आवरणाचीच. हा चीक समुद्राच्या थंड, काळोख्या तळाशी वर्षानुवर्षे सुखात राहत असे. उलट बाहेर काढून हवेत व उन्हात ठेवला की वाळून, ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडत. पाणी हे प्रत्येक निरोधकाचे सारखेच शत्रू असते असे नाही, हे या चिकाने दाखवून दिले. (या तारांच्या हव्यासापायी ती झाडे कशी सरसकट तोडली गेली, ती कथा दुःखद आहे आणि वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.)

पुढे दिव्यांसाठी वीज आली. तारायंत्राच्या विजेचा दाब लहान. दिव्यांच्या विजेचा मोठा. लंडनमध्ये फेरांटी या अभियंत्याने १८९० च्या सुमारास डेप्टफर्डच्या वीजगृहापासून शहरापर्यंत १०,००० व्होल्टची तार नेली, आणि तिचे आवरण कशाचे होते? कागदाचे! मेणात भिजवलेल्या तपकिरी कागदाचे. आपल्याला हसू येईल. कागदाइतकी पाण्याला भुकेली दुसरी वस्तू क्वचितच सापडेल. पण या तारेचे काही भाग १९३३ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, काम देत होते. पुढे जगभर तेलात मुरवलेल्या कागदाच्या आणि वरून शिशाची नळी चढवलेल्या तारा प्रचारात आल्या, आणि त्यांनीही पन्नास-पन्नास वर्षे सेवा केली.

हे कसे शक्य झाले? करणाऱ्यांना कागदाची दुर्बलता पक्की ठाऊक होती, म्हणून. शिशाच्या नळीला सुईच्या अग्राएवढे भोक पडले तरी कागद पाणी ओढून घेईल, हे त्यांना माहीत होते. म्हणून ते कागद प्रथम निर्वातात वाळवीत, मग तेलात मुरवीत, मग शिशाने अखंड झाकीत. जोड देणारा कारागीर पावसात खड्डा उघडीत नसे. तंबू ठोकून, शेगडी पेटवून मगच कामाला हात घाली.

मग १९३३ साल उजाडले. इंग्लंडमध्ये विनिंग्टन येथे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन हे दोघे प्रचंड दाबाखाली वायूंवर प्रयोग करीत होते. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तेच पॉलिथीन. महायुद्धात रडारच्या तारांना त्याने अमोल साहाय्य केले. पुढे १९६३ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत या पॉलिथीनच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडण्याची युक्ती निघाली. साखळ्या अशा बांधल्या गेल्यामुळे ते उष्णतेने वितळेनासे झाले, आणि तार ९० अंश सेल्सियसपर्यंत तापली तरी चालू लागली. बाजारात याला एक्स.एल.पी.ई. म्हणतात, आज आपल्या शहरांत रस्त्याखाली ११,००० व्होल्टची जी नवी तार पुरली जाते ती प्रायः हीच.

पॉलिथीन शंभर ग्रॅम घेतले आणि पाण्यात बुडवून ठेवले, तर ते ग्रॅमचा शंभरावा भागही पाणी पीत नाही. मग अभियंत्यांनी काय विचार केला असेल ते आपण ताडू शकता. ज्याला पाणी लागतच नाही त्याला शिसे कशाला? अमेरिकेत त्या सुमारास नव्या वस्त्यांतून घरोघरी जमिनीखालून वीज नेण्याची चाल पडत होती. तिथे पॉलिथीनची तार घेतली, तिच्या अंगावर उघड्या तांब्याच्या तारा गुंडाळल्या, आणि वर कसलेही कवच न घालता ती सरळ ओल्या मातीत पुरून टाकली. हिशेब होता तीस-चाळीस वर्षांचा. दहा-पंधरा वर्षांतच तारा फुटू लागल्या.

पाण्याला भुकेला कागद चाळीस वर्षे टिकला आणि पाण्याला न शिवणारे पॉलिथीन दहा वर्षांत गेले! एकाच्या दुर्बलतेची जाणीव होती म्हणून त्याला जपले. दुसऱ्याच्या सामर्थ्यावर विश्वास होता म्हणून त्याला उघडे टाकले. द्रव्ये निवडताना आपण त्यांच्या गुणांची यादी पाहतो, पण ती कशा निगराणीत टिकली हे पाहत नाही, असे मला या इतिहासावरून वाटते.

या रोगाचे निदान १९६९ साली जपानी संशोधक मियाशिता यांनी जगापुढे मांडले. पाण्यात बुडून काम करणाऱ्या पॉलिथीनच्या तारेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यात झाड दिसले. होय, झाडच: एका बिंदूतून निघून फांद्या-उपफांद्यांनी फुललेले, पिसाऱ्यासारखे. कधी ते आवरणाच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेवरून आत वाढते, तर कधी मध्येच एखाद्या कणापासून दोन्ही दिशांना फुटते आणि गळ्याला बांधायच्या 'बो'सारखे दिसते. इंग्रजीतील नावाचा अनुवाद करून आपण याला जलवृक्ष म्हणू.

हा जलवृक्ष मोठा मायावी आहे. काप वाळवून ठेवला की तो दिसेनासा होतो. उकळत्या पाण्यात घातला की पुन्हा प्रकट होतो. म्हणून प्रयोगशाळेत तो कायमचा दिसावा यासाठी कापाला मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग पाजतात. तसा तो फार हळू वाढतो. मिलिमीटर-दोन मिलिमीटरला वर्षे लागतात. पण ११,००० व्होल्टच्या तारेचे आवरण तरी किती जाड असते? साडेतीन मिलिमीटरच्या आसपास.

आता आपण विचाराल, ज्या पदार्थात पाणी शिरत नाही त्यात झाड उगवेल एवढे पाणी आले कोठून? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. हिंगाची पुडी पॉलिथीनच्या पिशवीत बांधून ठेवा. पिशवीला छिद्र नाही, गाठ घट्ट आहे. तरी दुसऱ्या दिवशी सारे कपाट हिंगाने दरवळते. जत्रेतून आणलेला फुगा कोठे न फुटताही रात्रीतून मलूल होतो. प्लास्टिकच्या साखळ्यांमध्ये ज्या फटी असतात त्यांतून पाण्याचा थेंब जाऊ शकत नाही, पण पाण्याचा सुटा रेणू, म्हणजे बाष्प, जाऊ शकतो. शिशातून तोही जात नाही. प्लास्टिक पाणी अडवते, बाष्प अडवीत नाही. आणि जमिनीतल्या तारेभोवती बाष्पाचा तोटा बाराही महिने नसतो.

आत शिरलेले रेणू सुटे सुटे राहते तर फारसे बिघडले नसते. पण कारखान्यात तार बनविताना आवरणात कुठे एखादा क्षाराचा कण, कुठे धूळ, कुठे सूक्ष्म पोकळी राहून जाते. पावसाळ्यात मिठाला पाझर फुटतो तो आपण सर्वांनी पाहिला आहे. तसाच तो आतला कण भोवतालचे बाष्प ओढून घेतो आणि स्वतःभोवती थेंब साठवतो. हा थेंब सूक्ष्मदर्शकालाही जेमतेम दिसणारा. त्यावर विजेचा ताण येतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि प्रत्येक आवर्तनात ताण दोनदा शिखराला पोचतो. म्हणजे तो थेंब सेकंदाला शंभर वेळा ओढला जातो आणि शंभर वेळा सुटतो. वर्षाचा हिशेब केला तर हे सुमारे ३१५ कोटी हेलकावे झाले. त्यातच थेंबातल्या क्षारांमुळे भोवतालच्या साखळ्यांचे हळूहळू रासायनिक जारणही होते. साखळ्या तुटतात, शेजारी नवी पोकळी होते, तिच्यात पाणी जाते, आणि झाडाला एक नवी फांदी फुटते. यांत्रिक ताणाचा वाटा किती आणि रसायनाचा किती, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. पाणी, उलटसुलट वाहणारी वीज आणि काळ, या तिन्हींचा योग मात्र लागतोच. नुसत्या पाण्यात, वीज न सोडता ठेवलेल्या तारेत हे झाड उगवत नाही.

जलवृक्ष आवरणाच्या आरपार गेला तरी तार तत्काळ फुटते असेही नाही. ती झिजलेल्या चपलेसारखी चालत राहते. मग एखाद्या वळवाच्या दिवशी दूर कोठे वीज कोसळते, दाबाचा एक झटका तारेतून धावतो, आणि जलवृक्षाच्या टोकाला दुसऱ्या जातीचे झाड फुटते. हे खरे विजेचे झाड: पोकळ, जळके. त्याला वाढायला वर्षे लागत नाहीत. मग आपल्या गल्लीतले दिवे जातात आणि आपण म्हणतो, 'पाऊस पडला की यांची तार जळते.'

कारखान्यांचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. साखळ्या जोडण्याच्या क्रियेला उष्णता लागते. आरंभी ही उष्णता देण्यासाठी दाबाखालची वाफ वापरीत. म्हणजे पाण्यापासून रक्षण करणारे जे आवरण, ते पाण्याच्या वाफेत शिजवून निघे, आणि असंख्य सूक्ष्म पोकळ्यांत पाणी भरूनच बाहेर पडे! शिवाय आतल्या व बाहेरच्या बाजूस विजेचा ताण सारखा वाटला जावा म्हणून कोळशाच्या पुडीचे जे थर देतात, ते आरंभी रंगासारखे फासलेले किंवा कापडी पट्टीचे असत. त्या पट्टीचा एखादा सुटा धागा आवरणात घुसला की झाडाला बी मिळाले.

रोग कळल्यावर उपाय झाले. वाफेऐवजी कोरड्या नायट्रोजनमध्ये आवरण पक्के करू लागले. तिन्ही थर एकाच वेळी, एकाच यंत्रमुखातून काढू लागले, म्हणजे मध्ये धूळ बसायला संधीच नको. प्लास्टिक गाळून अधिक शुद्ध केले. ऐंशीच्या दशकात झाडाची वाढ रोखणारी द्रव्ये मिसळलेले पॉलिथीन निघाले. वरून पक्के कवच आले. अधिक दाबाच्या तारांवर धातूचा पत्रा किंवा शिशाची नळीही पुन्हा आली. शिसे टाकून दिल्याला जेमतेम पिढी लोटली होती!

आणखी एक उपाय मला फार आवडतो. जमिनीत पुरलेल्या, अर्ध्या नासलेल्या तारेच्या धातूच्या पेडांमध्ये ज्या बारीक फटी असतात, त्यांतून सिलिकॉन जातीचे एक पातळ द्रव दाबाने सोडतात. ते हळूहळू आवरणात मुरते, जलवृक्षातल्या पाण्याशी संयोग पावते, पाणी संपवते, आणि या संयोगातच त्याचे रेणू मोठे होऊन तिथेच अडकून बसतात. खड्डा न खणता तारेला पुष्कळ वर्षांचे आयुष्य मिळते. उलट एका जुन्या सवयीने बरेच नुकसान केले. कागदी तारांची परीक्षा एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या उच्च दाबाने घेण्याची पद्धत होती. तीच जुन्या प्लास्टिकच्या तारांना लावली. तार परीक्षेत उत्तीर्ण होई, आणि पुष्कळदा काही दिवसांनी फुटे. कारण त्या परीक्षेने जलवृक्षाच्या भोवती विद्युत्‌भार साचून राहत असे. आता दहा सेकंदांना एक आवर्तन अशा संथ, पण उलटसुलट विजेने परीक्षा घेतात.

पॉलिथीनविषयी मी फार वेळ घेतला. इतर प्लास्टिकांचे थोडक्यात सांगतो. नायलॉन उघड उघड सादळते. आपल्या वजनाचा काही टक्के भाग पाणी सहज पिते, म्हणून ते आवरणावरचे चिलखत म्हणून चांगले, निरोधक म्हणून नव्हे. पॉलिएस्टरची गोष्ट वेगळी. त्याची साखळी आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगाने विणली जाते आणि दर टाक्याला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. विणताना बाहेर काढलेले ते पाणी तापलेल्या अवस्थेत परत आत आले, की तेच टाके उलट क्रमाने उसवू लागतात. कोरड्या मोटारीत वर्षानुवर्षे टिकणारा पॉलिएस्टरचा कागद दमट उष्णतेत ठिसूळ होऊन चुरतो तो यामुळे. पॉलिइमाइड नावाच्या सोनेरी प्लास्टिकने विमानांच्या तारा हलक्या केल्या. उष्णतेला ते कमालीचे कणखर. पण दमट हवेत, जिथे तार घट्ट वाकवलेली असे, तिथे त्यालाही चिरा पडू लागल्या, चिरांतून ठिणगी, आणि ठिणगीतून शेजारच्या साऱ्या तारांचा जुडगा पेटे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या नौदलाने नव्या विमानांत ही तार घालणे थांबविले. समुद्रावरच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या विमानांनी हा दोष आधी दाखवावा, हे स्वाभाविकच होते.

खाऱ्या हवेवरून आपले कोकण आठवते. तिथे ओल आवरणाच्या आत शिरण्याची वाटही पाहत नाही. ती पृष्ठभागावरच काम करते. खांबावरच्या निरोधकावर मिठाचा थर बसतो. पहाटे दव पडते, मीठ ओलावते, त्यातून बारीकसा प्रवाह झिरपू लागतो. प्रवाहाने ऊब येते आणि एक पट्टा वाळतो. मग सारा दाब त्या अरुंद कोरड्या पट्ट्यावर येऊन तिथे ठिणग्या उडतात. चिनी मातीचा निरोधक ठिणग्या सोसतो. प्लास्टिक मात्र जळते, आणि जळून कोळसा होतो. कोळसा विजेचा वाहक, म्हणजे दर ठिणगीगणिक वीज आपली पायवाट स्वतःच आखीत जाते. यासाठी सिलिकॉन रबर वापरू लागले. अळूच्या पानासारखे त्यावर पाणी पसरत नाही, थेंब थेंब होऊन राहते. आणि धूळ बसली तरी त्याचे तेलकट रेणू धुळीवर चढून तिलाही तोच गुण देतात. त्यात ॲल्युमिनियमचे एक जलयुक्त संयुग मिसळतात. ठिणगी पडली की ते आपल्यात बांधून ठेवलेले पाणी वाफेच्या रूपाने सोडून जागा थंड करते. पाण्याने घडवलेला अनर्थ पाण्यानेच विझवायचा!

आता आपल्याकडच्या मोटारींकडे येतो. आपले साखर कारखाने दिवाळीच्या सुमारास सुरू होतात आणि उन्हाळ्यात थंडावतात. म्हणजे शेकडो मोटारी नेमक्या चार महिन्यांच्या पावसात निपचित पडून असतात. चालती मोटार तापलेली असते, म्हणून ती स्वतःला वाळवीत राहते. बंद मोटार रात्रीच्या गारव्यात दमट हवा आत ओढते आणि वेटोळ्यांवर ती हवा पाझरते. हंगामाच्या तोंडाशी जाणता वायरमन आधी मेगर लावतो. मेगर हे वेटोळ्यात किती गळती आहे ते दाखवणारे यंत्र. एका मिनिटाला येणारा आकडा आणि दहा मिनिटांनी येणारा आकडा यांची तुलना करावी. वेटोळे कोरडे असेल तर दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीवर जातो; ओले असेल तर जवळजवळ तिथेच रेंगाळतो. मग मोटारीच्या पोटात विजेचे दिवे लावून किंवा गरम हवा सोडून तिला वाळवतात. या वाळवण्यात एक गोष्ट नवख्याला घाबरवते: ऊब लागताच मेगरचा आकडा वाढण्याऐवजी प्रथम खाली येतो. निरोधक तापला की गळती वाढतेच, शिवाय आतली ओल हलू लागते. धीर धरून ऊब चालू ठेवली की काही तासांनी आकडा तळ गाठून चढू लागतो, आणि चढून स्थिरावला म्हणजे मोटार वाळली. अर्ध्यावर घाई करून कळ दाबली, की हंगामाचा पहिला दिवस वेटोळे भरण्याच्या दुकानात जातो. मोठ्या मोटारींत यासाठी लहानसा तापक बसवलेला असतो. तो पावसाळाभर चालू ठेवायचा असतो, आणि विजेचे बिल वाचवायला नेमका तोच बंद केला जातो.

याउलट आपल्या शेतकऱ्याच्या विहिरीतली किंवा बोअरमधली पाणबुडी मोटार पहा. तिच्या पुष्कळ जातींत वेटोळे पाण्यातच असते. मोटार खाली सोडण्यापूर्वी तिच्यात स्वच्छ पाणी भरून घ्यावे लागते. वेटोळ्याच्या तारेवर पी.व्ही.सी. किंवा पॉलिएस्टर व पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्यांचे वेष्टण असते. इतके असूनही ती वर्षानुवर्षे चालते, कारण पाणी गृहीत धरूनच ती बांधलेली असते: दाब कमी, वेष्टण त्यामानाने जाड, वेटोळे अखंड. ती जळते तेव्हा पुष्कळदा दोष निघतो तो केबलच्या जोडात. दुकानात बसून बांधलेली चिकटपट्टी शंभर फूट पाण्याच्या दाबाखाली काय करील, याचा विचार जोड देताना केलेला नसतो.

जोडावरून घरच्या गोष्टीकडे येतो, कारण इथे प्रश्न पैशाचा नसून जिवाचा आहे. घरातली तार सहसा अखंड अंगाने धोका देत नाही; धोका देतात ते जोड, उघडी टोके, उन्हाने तडकलेले वेष्टण. भाद्रपदात गणपतीचे मांडव उभे राहतात तेव्हा पाऊस संपलेला नसतो. पत्र्याच्या कमानीवरून दिव्यांच्या माळा जातात आणि दर दहा हातांवर पट्टीने बांधलेला एक जोड असतो. पट्टीच्या पदरांतून पाणी केशाकर्षणाने आत चढते आणि पत्र्यात वीज उतरते. फ्यूज किंवा एम.सी.बी. आहे, मग भीती कसली, असे कार्यकर्ते म्हणतात. ती साधने तार जळू नये म्हणून असतात. कित्येक अँपिअर वाहिल्याशिवाय ती तुटत नाहीत. माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा दहावा भागही पुरेसा होतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारी वेगळी कळ, आर.सी.सी.बी., असते. मांडवाच्या खर्चात तिची किंमत हारांच्या खर्चाइतकीही नाही. वर्गणीच्या हिशेबाला बसणाऱ्यांनी ही एक ओळ त्यात घालावी.

शेवटी आपल्या नगरपालिकेचे आणि सोसायट्यांचे जे कारभारी येथे बसले आहेत त्यांच्यासाठी एक बारीक गोष्ट. केबलचा मोठा लाकडी रूळ रस्त्याच्या कडेला आणून ठेवतात. त्यातून हवी तेवढी केबल कापून नेतात, आणि कापलेले टोक तसेच उघडे, आभाळाकडे तोंड करून राहते. पाऊस पडतो. धातूच्या पेडांमधल्या फटींतून पाणी हातोहात, यार्ड-यार्ड आत जाते. बाहेरून केबल कोरडी ठणठणीत दिसते, मेगरही बरा आकडा दाखवतो, केबल पुरली जाते, कंत्राटदाराचे बिल निघते. आवरण आता बाहेरच्या मातीकडून आणि आतल्या पाण्याकडून, अशा दोन्ही अंगांनी सादळू लागते, आणि कारखान्याने घेतलेली सारी काळजी त्या एका टोकातून वाहून जाते. त्या टोकावर बसवायची रबरी टोपी मिळते. ती गरम करून आवळली की झाले. पाच मिनिटांचे काम. रूळ ताब्यात घेताना दोन्ही टोकांना टोप्या आहेत की नाहीत ते पाहावे, आणि नसल्यास सही करण्यापूर्वी टोकाकडची हात-दोन हात केबल कापून, पेड उलगडून, आत ओल आहे का ते बोटाने चाचपून पाहावे.